अ‍ॅना पार्नेल आणि खंडाचा हिशेब

आयर्लंडच्या इतिहासात पार्नेल हे आडनाव आलं की पाठोपाठ चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल येतो. ब्रिटिश संसदेत आयरिश खासदारांचं नेतृत्व करणारा, 'आयर्लंडचा अनभिषिक्त राजा' म्हणून ओळखला गेलेला. त्याची धाकटी बहीण अ‍ॅना मात्र बहुतेक पुस्तकांत परिच्छेदभर जागा मिळवून जाते. भाऊ तुरुंगात गेल्यावर तिने बायकांची एक संघटना चालवली, पुढच्या वर्षी ती बंद पडली, आणि त्यानंतर बहीण भावाशी कधी बोलली नाही. एवढंच वाचलं तर हे सगळं घरातलं रुसणं-फुगणं वाटतं.

वाद घरचा नव्हता. कुळाने भरलेला खंड, वर्गणीतून जमलेला पैसा आणि कोर्टाचा खर्च फिरून फिरून शेवटी कुणाच्या हातात पडतो, हा तो वाद होता. म्हणून अ‍ॅनाचं चरित्र सांगायचं तर सुरुवात खंडाच्या पद्धतीपासून करावी लागते. ती नीट कळली की तिचा राग, तिचं काम आणि तिचं पुस्तक, तिन्हींचा उलगडा होतो.

लटकता हप्ता

1870 च्या दशकात आयर्लंडची जवळपास निम्मी जमीन जेमतेम 800 मालकांच्या नावावर होती. कसणारी कुळं बहुतेक कॅथलिक आणि गरीब. मालक बहुतेक प्रॉटेस्टंट, त्यांतले कित्येक इंग्लंडात राहणारे, आणि इस्टेटीचा कारभार एजंटाच्या हाती. लेखी पट्टा थोड्यांकडेच असे. बाकीचे वर्षावर्षाच्या बोलीवर. कोकणातल्या खोत आणि कुळांच्या गोष्टी ज्यांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना यातलं पुष्कळसं ओळखीचं वाटेल.

खंड वर्षातून दोनदा भरायचा, साधारणपणे मे आणि नोव्हेंबरमध्ये. या सहामाही हप्त्याला 'गेल' म्हणत. पुष्कळ इस्टेटींवर एक रीत होती: नवीन कूळ आलं की त्याचा पहिला हप्ता सहा महिने उशिराने घ्यायचा. वरवर पाहता सवलतच. पण तो मागे राहिलेला हप्ता कधी फिटतच नसे. तो वर्षानुवर्षं लटकत राही, म्हणून त्याचं नावच 'हँगिंग गेल'. परिणाम असा की वेळच्या वेळी पैसे भरणारं कूळसुद्धा कागदोपत्री कायम थकबाकीदार. मत देताना, गाऱ्हाणं मांडताना, सभेला जाताना हा हप्ता त्याच्या मानेवर असे, कारण एजंट तो केव्हाही मागू शकत होता.

वसुलीचे कायदेशीर रस्ते मुख्यतः दोन. पहिला बेदखलीचा. वर्षभराचा खंड थकला की मालकाने दावा लावायचा, आदेश मिळवायचा, मग शेरीफ, बेलिफ आणि पोलिसांचा ताफा दारात. माणसं बाहेर, जनावरं बाहेर, खाटा-भांडी अंगणात, आणि चुलीतला विस्तव विझवला की ताबा पुरा झाला असं समजत. यात कुळाला एकच आधार होता. सहा महिन्यांच्या आत सगळी बाकी आणि कोर्टखर्च भरला तर जमीन परत मिळवता येई. दुसरा रस्ता साध्या कर्जवसुलीसारखा. थकलेल्या रकमेची डिक्री मिळवायची आणि शेरीफकरवी कुळाची गुरं, नाहीतर त्याचा जमिनीवरचा कसण्याचा हक्कच लिलावात काढायचा. हा रस्ता जास्त वाईट, कारण हक्क एकदा विकला गेला की सहा महिन्यांची मुदत हातची जाई. पुढे आंदोलन पेटल्यावर मालकांनी हाच रस्ता जास्त धरला. लिलावात बोली लावायला कुणी स्थानिक माणूस उभा राहीना, तेव्हा डिसेंबर 1880 मध्ये मालकांनी प्रॉपर्टी डिफेन्स असोसिएशन काढली आणि बाहेरगावाहून बोली लावणारी माणसं आणवली.

आणखी एक शब्द लक्षात ठेवायचा: ग्रिफिथ मूल्यांकन. शतकाच्या मध्यावर रिचर्ड ग्रिफिथ या अधिकाऱ्याने देशभरच्या जमिनींची कर आकारणीसाठी किंमत ठरवली होती. प्रत्यक्ष खंड पुष्कळ ठिकाणी त्याहून चढा असे. त्यामुळे 'ग्रिफिथच्या आकड्याइतकाच खंड देऊ' ही मागणी गावागावात सगळ्यांना झटकन कळणारी होती.

1877 पासून पिकं बिघडत गेली. अमेरिकेतून आलेल्या स्वस्त धान्याने भाव पाडले. 1879 साली पावसाने बटाटाही कुजवला. एप्रिल 1879 मध्ये मेयो परगण्यातल्या आयरिशटाउन गावी पहिली मोठी सभा झाली आणि 21 ऑक्टोबरला डब्लिनमध्ये लँड लीग स्थापन झाली. कल्पना आणि मेहनत मायकेल डॅव्हिटची. तो स्वतः बेदखल झालेल्या कुळाचा मुलगा होता आणि लहानपणी इंग्लंडच्या कापडगिरणीत त्याने एक हात गमावला होता. अध्यक्ष झाला चार्ल्स पार्नेल, जो स्वतःच जमीनदार होता.

पिंजऱ्यातून संसद

अ‍ॅनाचा जन्म 13 मे 1852 चा, विकलो परगण्यातल्या अ‍ॅव्हनडेल या घरातला. अकरा भावंडांत ती दहावी. वडील प्रॉटेस्टंट जमीनदार, आई डेलिया अमेरिकेच्या नौदलातल्या कमोडोर चार्ल्स स्टुअर्टची मुलगी. ब्रिटिश आरमाराशी लढलेल्या या आजोबांच्या गोष्टींवर मुलं वाढली. 1859 मध्ये वडील वारले. जमिनी मुलांकडे गेल्या आणि मुलींना इस्टेटीच्या उत्पन्नातून ठराविक सालीना रक्कम, अ‍ॅनाला वर्षाला 100 पौंड. ही रक्कम कुळांच्या खंडातूनच येणार. ज्या पद्धतीवर तिने पुढे आघात केला, तिचं स्वतःचं पोट त्याच पद्धतीवर चालत होतं, आणि खंडवसुली थांबली की पहिली झळ तिच्यासारख्या बहिणींना बसणार होती. तिची तळमळ कुणाला हौशी वाटली तर ही गोष्ट आठवावी.

काही वर्षं पॅरिसमध्ये गेली, मग डब्लिनच्या आणि त्यानंतर लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशाळेत ती चित्रकला शिकली. लंडनला असताना भाऊ खासदार झालेला, त्यामुळे तिचं संसदेत जाणं-येणं सुरू झालं. स्त्रियांना तेव्हा सभागृहात बसायची मुभा नव्हती. सभापतींच्या आसनाच्या वर, उंचावर एक अंधारी सज्जा, पुढे धातूची जड जाळी, आणि जाळीमागून स्त्रियांनी पाहायचं. लोक तिला 'लेडीज केज' म्हणत, म्हणजे बायकांचा पिंजरा. ती जाळी 1917 पर्यंत तिथे होती. आयरिश खासदार नियमांचाच आधार घेऊन रात्र-रात्र भाषणं लांबवत, कामकाज अडवत. त्यात चार्ल्स आघाडीवर. हे सगळं अ‍ॅनाने जाळीतून पाहिलं आणि 1880 मध्ये अमेरिकेतल्या एका आयरिश मासिकात लेखमाला लिहिली. कोण कुठल्या नियमाचा आधार घेतं, कुणाचा आव कधी गळून पडतो, हे ती ज्या बारकाईने टिपते, त्यातच पुढची हिशेबी अ‍ॅना दिसते.

1879-80 मध्ये ती अमेरिकेत होती. दुष्काळासाठी वर्गणी गोळा करण्याच्या कामात थोरली बहीण फॅनी सोबत होती. फॅनी कवयित्री. कुळांनी पीक सोडू नये असं बजावणारी तिची कविता तेव्हा आयर्लंडभर म्हटली गेली. ऑक्टोबर 1880 मध्ये फॅनीने न्यूयॉर्कमध्ये लेडीज लँड लीग काढली, पैसा उभा करण्यासाठी. आयर्लंडमध्ये अ‍ॅनाच्या हाती जी संघटना आली, ती नावाने तीच असली तरी कामाने अगदी वेगळी ठरली.

संगिनीच्या टोकावर खंड

आता वादाच्या गाभ्याकडे येऊ. लँड लीगचं धोरण असं होतं: कुळाने आधी कमी खंड देऊ करायचा. मालकाने नाकारला तर काहीच द्यायचं नाही. मालक कोर्टात जाईल, जाऊ दे. बेलिफ येईल, येऊ दे. अगदी सैन्य-पोलिसांच्या संगिनी दारात दिसू लागल्या की मग पैसे भरायचे आणि जमीन वाचवायची. मधला कोर्टखर्च लीग देईल. याला 'संगिनीच्या टोकावर खंड' असं नाव पडलं.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कुळाचा खंड 20 पौंड, ग्रिफिथ मूल्यांकन 14. कूळ 14 पौंड घेऊन एजंटाकडे जातं, एजंट घेत नाही. दावा लागतो. वकील, शेरीफ, बेलिफ मिळून 5 पौंड खर्च चढतो. ठरलेल्या दिवशी गावात शिंगं वाजतात, चर्चची घंटा होते, शे-दोनशे माणसं जमतात, घोषणा होतात. मग कूळ 20 पौंड मोजून देतं आणि लीग 5 पौंड भरते. मालकाला किती मिळाले? 20, म्हणजे सगळेच. कुळाचं किती वाचलं? शून्य. आणि लीगचे 5 पौंड कुठून आले? बॉस्टन-न्यूयॉर्कमध्ये मोलकरणीचं काम करणाऱ्या, रेल्वेवर खपणाऱ्या आयरिश माणसांच्या वर्गणीतून. ते गेले मालकाच्या वकिलाकडे आणि शेरीफकडे.

अ‍ॅनाचं म्हणणं एवढंच होतं: ज्यात मालकाला पूर्ण खंड मिळतो, त्याला खंडबंदी कसं म्हणायचं? हे सोंग आहे. 'शॅम' हा शब्द तिने इथे वापरला.

लीगच्या नेत्यांचीही बाजू होती, आणि ती पोकळ नव्हती. वसुलीला महिनोन् महिने लागले की कर्जबाजारी मालक घायकुतीला येतो. प्रत्येक बेदखलीला फौज पाठवावी लागली की सरकारचा खर्च आणि बदनामी वाढते. त्या दबावातून लंडनमध्ये कायदा होतो. नाहीतरी कुळाची जमीन गेली तर उद्या लढायला माणूसच उरणार नाही. हे त्यांचं गणित.

तिचं गणित दुसरं. खंड खरोखर बंद करायचा तर कुळं बेदखल होणार हे धरूनच चाला. त्यांच्यासाठी आधीच लाकडी झोपड्या, धान्य, पैसा तयार ठेवा. रिकाम्या पडलेल्या जमिनीवर दुसरं कूळ येणार नाही एवढी एकी ठेवा. मग मालकाच्या हातात उरेल ओसाड जमीन, जिच्यावर कर भरायचा आणि उत्पन्न काही नाही. ही एकी शक्य आहे हे 1880 च्या शरद ऋतूत मेयोमध्ये दिसलंच होतं. लॉर्ड अर्नचा एजंट कॅप्टन बॉयकॉट याच्याकडे कामाला माणूस जाईना, दुकानदार माल देईना. त्याचं पीक काढायला अल्स्टरमधून 50 मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला सुमारे 1000 शिपाई. पिकाच्या किमतीच्या कित्येक पट खर्च त्या कापणीवर झाला. त्याचं आडनाव पुढे क्रियापद होऊन जगभर गेलं आणि आपल्याकडे 1905 नंतर स्वदेशीच्या जोडीला येऊन बसलं.

नोंदवही

जानेवारी 1881 मध्ये सरकार नवा दडपशाहीचा कायदा आणणार हे स्पष्ट झालं. नुसत्या संशयावरून, खटल्याशिवाय अटक. नेते आत गेले तर चळवळ कोण चालवणार? डॅव्हिटने बायकांची संघटना सुचवली. चार्ल्स पार्नेल आणि लीगचा दुसरा एक नेता जॉन डिलन यांना ते पटलं नव्हतं, आपलं हसं होईल अशी त्यांना भीती होती. तरी 31 जानेवारीला डब्लिनमध्ये लेडीज लँड लीग सुरू झाली आणि सूत्रं अ‍ॅनाकडे आली. (त्याच महिन्यात पुण्यात 'केसरी'चा पहिला अंक निघाला होता.) तीन दिवसांत डॅव्हिट तुरुंगात गेला.

मार्चमध्ये डब्लिनचे आर्चबिशप मॅकेब यांनी पत्रक काढून कॅथलिक स्त्रियांना बजावलं की चव्हाट्यावर येणं स्त्रीच्या शालीनतेला शोभत नाही. कॅशेलचे आर्चबिशप क्रोक यांनी बायकांची बाजू घेतली. सभ्य घरच्या मुली तोवर व्यासपीठावर बोलत नसत हे लक्षात घेतलं, तर या मुलींना घरातून निघायलाच काय पडलं असेल याची कल्पना येते.

काम हाती घेतल्यावर अ‍ॅनाला पहिली अडचण दिसली ती माहितीची. मदतीचे अर्ज येत, पण खरं काय ते तपासायला कागदच नव्हते. म्हणून तिने नोंदवही उघडली. शाखांना छापील तक्ते पाठवायचे, दर आठवड्याला भरून मागवायचे आणि डब्लिनच्या कार्यालयात इस्टेटवार चढवायचे. मालक कोण, एजंट कोण, कुळं किती, खंड किती, ग्रिफिथ मूल्यांकन किती, दावे किती लागले, बेदखल्या किती झाल्या, गावात पोलीस किती, लोक कितपत टिकतील. या वह्यांना कार्यकर्त्या मुलींनी 'बुक ऑफ केल्स' असं नाव ठेवलं, आयर्लंडच्या सुप्रसिद्ध प्राचीन हस्तलिखितावरून. डॅव्हिटनेही पुढे आपल्या इतिहासात तिची तोंड भरून तारीफ केली. आमच्या मते लँड लीगच्या सगळ्या भाषणांपेक्षा ही वही मोलाची होती, कारण कुठल्या इस्टेटीवर खंडबंदी टिकेल आणि कुठे ती फक्त बोलण्यापुरती आहे हे तीच सांगू शकत होती.

बेदखलीची नोटीस आली की कार्यकर्ती त्या गावी पोचे. रेल्वेने, मग घोडागाडीने, मग चिखलातून पायी. शेरीफ येण्याआधी कुळांना गाठायचं, एकेकटे फितूर होऊ नका म्हणून समजवायचं, बेदखल झालेल्यांची मोजदाद करायची, जागेवरच मदत द्यायची. झोपड्यांसाठी लाकूड कापून तयार पाठवलं जाई, सोबत सुतार. झोपडी उभारायची ती त्या मालकाच्या हद्दीबाहेर, कुणीतरी जवळ दिलेल्या तुकड्यावर. इथेच घोडं अडे. आजूबाजूची मैलोन् मैल जमीन त्याच मालकाची असली तर तुकडा मिळायचा कुठे? मिळाला तर पोलीस म्हणत, ही झोपडी निवाऱ्यासाठी नसून नव्या कुळाला धमकावण्यासाठी आहे, आणि काम थांबवत. लिमरिकमध्ये असं काम थांबवल्यावर 1882 च्या उन्हाळ्यात अ‍ॅनाने डब्लिनच्या रस्त्यात व्हाइसरॉय लॉर्ड स्पेन्सरच्या घोड्याचा लगाम धरला आणि त्याला भर रस्त्यात जाब विचारला.

मदतीच्या कामात फसवणूकही होई. काही कुळं खंड गुपचूप भरून टाकत आणि बेदखल झाल्याचं सांगून मदतही मागत. काही जण सहा महिन्यांच्या मुदतीत पैसे भरून परत जायचं आधीच ठरवून येत. तोवर लीगच्या पैशावर दिवस काढायचे. अ‍ॅना यावर फार कडक होती आणि त्यामुळे अप्रिय झाली. पण लोकांना ही सवय लावली कुणी? दोन वर्षं लीगच त्यांना शेवटच्या क्षणी पैसे भरायला शिकवत होती.

ऑगस्ट 1881 ते मे 1882

ऑगस्ट 1881 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने जमीन कायदा केला. जमीन न्यायालयं आली, तिथे खंड ठरवून घेता येऊ लागला, कुळाला स्थैर्य मिळालं, हक्क विकण्याची मुभा मिळाली. कुळांना सरासरी 20 टक्क्यांच्या आसपास सूट मिळाली, ही लहान गोष्ट नव्हे. पण दोन मोठे गट बाहेर राहिले: लेखी पट्टेवाले आणि थकबाकीदार. म्हणजे जे सर्वांत गरीब, ज्यांनी लीगचं ऐकून खंड थांबवला होता, त्यांच्यासाठीच दार बंद. लटकत्या हप्त्याची आणि दुष्काळाची बाकी आता फास होऊन बसली.

13 ऑक्टोबरला चार्ल्सला अटक होऊन तो किल्मेनम तुरुंगात गेला. 18 तारखेला आतल्या नेत्यांनी जाहीरनामा काढला: आता कुणीही खंड भरू नये. 20 तारखेला सरकारने लँड लीग बेकायदा ठरवली. जे काम पुरुषांनी दोन वर्षांत केलं नव्हतं, ते करायची घोषणा तुरुंगातून झाली आणि निभावण्याची जबाबदारी बाहेरच्या बायकांवर पडली. जरा बरी स्थिती असलेली कुळं जमीन न्यायालयाकडे वळत होती. उरलेल्यांच्या मागे शेरीफ. सरकारी आकड्यांप्रमाणे 1880 मध्ये 2110 कुटुंबं बेदखल झाली होती, 1881 मध्ये 3415 आणि 1882 मध्ये 5201. यांतल्या काहींना मालकांनी पुन्हा राखणदार म्हणून घरात राहू दिलं, तरी वाढ काय वेगाने झाली ते दिसतंच.

शिवाय तुरुंगातले लोक होते. या कायद्याखाली एकंदर साडेनऊशेच्या आसपास माणसं पकडली गेली. त्यांना बाहेरचं जेवण मागवता येई आणि त्याचं बिल लीगकडे. त्यांच्या घरच्यांचा खर्चही लीगकडे. कैद्यांच्या ताटावर जाणारा पैसा बेदखल कुटुंबांच्या तोंडचा आहे, हे अ‍ॅनाला सतत टोचत राहिलं. 'युनायटेड आयर्लंड' हे लीगचं वर्तमानपत्र बंद पाडण्यासाठी छापे पडले, तेव्हा बायकांनी ते इंग्लंडात आणि पॅरिसमध्ये छापून घेतलं आणि अंक चोरून आत आणले. आर्थिक बाजूचा अंदाज यावा म्हणून: या काळात त्यांच्या हातून 70,000 पौंडांच्या घरात रक्कम खर्च झाली. शाखा 500 च्या आसपास पोचल्या.

डिसेंबरमध्ये पोलिसांना हुकूम गेला की ही संघटनाही बेकायदा समजा. उत्तर म्हणून 1 जानेवारी 1882 ला देशभर एकाच वेळी सभा भरवल्या गेल्या. सगळ्यांना पकडणं सरकारला झेपणारं नव्हतं. ज्यांना पकडलं त्यांच्यासाठी मात्र वेगळीच वाट काढली. पुरुष नव्या कायद्याखाली 'संशयित' होते, म्हणून त्यांना स्वतःचे कपडे, पुस्तकं, भेटीगाठी. बायकांवर 1361 सालचा, तिसऱ्या एडवर्डच्या काळातला कायदा लावला, जो एरवी भटक्यांना आणि वेश्यांना लावत. चांगल्या वर्तणुकीचा जामीन द्या नाहीतर तुरुंगात जा. जामीन देणं म्हणजे गैरवर्तन कबूल करणं, म्हणून त्या तुरुंगात गेल्या, साध्या गुन्हेगारांसारख्या. पहिली हॅना रेनॉल्ड्स. एकूण तेरा जणी.

2 मे 1882 ला चार्ल्स सुटला. ग्लॅडस्टनशी अलिखित समझोता झाला होता: सरकार थकबाकीचा प्रश्न सोडवणार, चार्ल्स देश शांत करणार. चारच दिवसांत डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये नवा मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश आणि त्याचा दुय्यम थॉमस बर्क यांचे खून झाले आणि लढ्याची भाषाच बोलणं अवघड झालं. ऑगस्टमध्ये थकबाकीचा कायदा आला. 30 पौंडांपर्यंत मूल्यांकन असलेल्या कुळाने एका वर्षाचा खंड भरायचा, उरलेल्या बाकीचा काही भाग सरकार देणार, बाकीचं माफ. गरीब कुळांना यातून खरोखर मोकळं होता आलं. अ‍ॅनाच्या लेखी मात्र याचा अर्थ असा की मालकांना शेवटी सरकारी तिजोरीतूनही खंड मिळाला.

बायकांच्या संघटनेवर तेव्हा सुमारे 5000 पौंडांचं कर्ज होतं, सगळं बेदखलांच्या मदतीपोटी. पैसा होता पुरुषांच्या ताब्यात, पॅरिसच्या बँकेत. त्यांनी अट घातली: कर्ज फेडतो, पण संघटना बंद करा. वर, मदतीच्या अर्जांची छाननी मात्र तुम्हीच करत राहा. म्हणजे अधिकार काही नाही आणि कटकट सगळी पदरात. बरीच ओढाताण झाल्यावर ऑगस्ट 1882 मध्ये लेडीज लँड लीग बायकांनी स्वतःच मोडली. जुलैमध्येच फॅनी न्यू जर्सीत वारली होती, वयाच्या 33 व्या वर्षी. अ‍ॅना त्या महिन्यांत पार कोलमडली. भाऊ 1891 मध्ये गेला, तोवर ती त्याच्याशी बोलली नाही.

वही पुन्हा उघडते

त्यानंतरची वर्षं झटकन सांगण्यासारखी आहेत. ती इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावांत राहिली, सेरिसा पामर असं नाव घेऊन. चित्रं काढली, 1905 मध्ये एक कवितासंग्रह काढला. पैशाची ओढाताण कायमची. 1908 मध्ये नॉर्थ लीट्रिमच्या पोटनिवडणुकीत शिन फेन या आयरिश राष्ट्रवादी पक्षाच्या उमेदवारासाठी ती पुन्हा आयर्लंडला आली.

1904 मध्ये डॅव्हिटचा जमीन चळवळीचा मोठा इतिहास प्रसिद्ध झाला होता. त्यात बायकांची स्तुती होती, पण त्यांच्या कामाचा अर्थ तिला अजिबात मान्य नव्हता. तेव्हा तिने 1907 मध्ये स्वतःची कैफियत लिहिली, 'द टेल ऑफ अ ग्रेट शॅम'. आत्मकथा समजून कुणी उघडली तर निराश होईल. बालपण नाही, चार्ल्सच्या आठवणी नाहीत, स्वतःबद्दल जवळजवळ चकार शब्द नाही. आहे ते धोरणाचं शवविच्छेदन: लीगने काय सांगितलं, कुळाने काय केलं, पैसा कुठे गेला.

वाचताना दोन गोष्टी सांभाळाव्यात. एक, तिचा खंडाचा हिशेब भक्कम आहे, पण कायद्यांनी कुळांना जे मिळालं त्याचं मोल ती फार कमी लावते. 20 टक्के सूट मिळालेल्या कुळाला चळवळ सोंग वाटली नसणार. दोन, तिच्या पर्यायी योजनेला लागणारी एकी देशभर टिकली असती का, याचं उत्तर तिच्याकडेही नाही. लहान दुकानदार, सधन शेतकरी आणि भूमिहीन मजूर यांचे हितसंबंध एक नव्हते, आणि ते तिच्या गणितात पुरेसे येत नाहीत. पण लोकांना अर्धी लढाई शिकवून मग पूर्ण लढाईचा हुकूम सोडला तर ते अर्ध्यावरच थांबणार, हे तिचं निरीक्षण खोडता येत नाही.

हस्तलिखित तिने 'बान ना हेरन' या स्त्रियांच्या मासिकाची संपादक हेलेना मोलोनीकडे पाठवलं होतं. प्रकाशक मिळाला नाही. 20 सप्टेंबर 1911 ला डेव्हनमधल्या इल्फ्राकोम इथे समुद्रात पोहत असताना ती बुडाली. वय 59. तिथल्याच होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात तिला पुरलं. तिच्या हाताखाली काम केलेली जेनी वाइज पॉवर 1922 मध्ये स्वतंत्र आयर्लंडच्या सिनेटमध्ये बसली. पुस्तक छापून यायला मात्र 1986 साल उजाडलं, डाना हर्न यांच्या संपादनाखाली, आणि 2020 मध्ये ते डब्लिनहून पुन्हा निघालं. पहिल्यांदा वाचणाऱ्याने हातात पेन्सिल घेऊन बसावं आणि खंड, खर्च, मदत असे तीन रकाने आखून तिचे आकडे उतरवत जावं. ते तसंच लिहिलेलं आहे.